मागचा दिवा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, सायंआरतीनंतर समाजाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. टेबलावर दाखवलेलं प्रात्यक्षिक इथे शब्दांत दिलं आहे.)





परवा याच जागेवरून संत मुक्ताबाईंवर सुंदर प्रवचन झालं. काल डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले आणि त्यानंतर आपण सगळ्यांनी दराबा खाल्ला. आज मी गाडीच्या मागच्या बत्तीवर बोलणार आहे. मुक्ताबाईंपासून बत्तीपर्यंत ही घसरण आहे, हे मला मान्य आहे. पण कार्यकारिणीने विचारलं, ‘तुम्ही कशावर बोलाल?’ तेव्हा मी खरं ते सांगितलं. मला एकच विषय थोडाफार येतो, तो म्हणजे बिघाड. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. वीस-बावीस वर्षं राज्य शासनाच्या नोकरीत पाण्याचे पंप, मोटारी आणि पाइपलाइन यांच्यामागे फिरतो आहे. ‘साहेब, पाणी येत नाही’ या वाक्यावर माझं घर चालतं.

तेव्हा आज बिघाड कसा शोधावा, हे सांगतो. आणि तो मला स्वतःला तीन दिवस कसा सापडला नाही, तेही सांगतो. दुसरा भाग जास्त उपयोगाचा आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला मंगळवार. रावेरला मावसबहिणीच्या सुनेची मंगळागौर होती. आई, आमच्या सौ., मुलगी आणि मी असे आमच्या जुन्या गाडीने गेलो होतो. बायकांचे खेळ रंगात आले होते, पण मला सकाळी कामावर जायचं होतं, म्हणून नऊच्या सुमारास निघालो. रावेरहून बऱ्हाणपूरचा रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्यावर केळीचे ट्रक, आणि त्या रात्री भुरभुर पाऊस.

सीमा ओलांडून थोडं पुढे आलो असेन. समोर एक ट्रॅक्टर दिसला, मी ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागून जोराचा हॉर्न, टायर घासल्याचा आवाज, आणि एक ट्रक आमच्या उजव्या अंगाला अगदी चिकटून पुढे गेला. माझ्या बाजूचा आरसा त्याच्या धक्क्याने आत वळला. मागे आईच्या तोंडून ‘विठ्ठला’ एवढंच निघालं.

ट्रक पुढे जाऊन थांबला. मला वाटलं, आता भांडण. ड्रायव्हर टॉर्च घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, ‘बाबूजी, मैं समझा मोटरसायकल है. आप ब्रेक मारते हो तो आपकी एक बत्ती बुझ जाती है.’

बुझ जाती है! मी उतरलो. सौ.ना ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि पावसात गाडीच्या मागे उभा राहिलो. ब्रेक सोडलेला असताना दोन्ही बाजूंचे लाल दिवे व्यवस्थित लागलेले. ब्रेक दाबला, की डावा झगझगीत उजळायचा आणि उजवा उजळायच्या ऐवजी विझायचा. त्या गाडीला मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट नव्हता. म्हणजे मागून येणाऱ्याला काय दिसणार? रस्त्याच्या डाव्या कडेला एकच लाल दिवा. त्याने मोटारसायकल समजून उजवीकडून गाडी काढली, यात त्याची काय चूक? आम्ही चौघं ज्या अंगाला बसलो होतो, तिथे त्याला रिकामा रस्ता दिसत होता.

तो भला माणूस पुढचा सगळा रस्ता आमच्या मागे राहिला. शहर लागलं तेव्हा हात दाखवून गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे.

आता पुढचे तीन दिवस ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला गाडीमागे उभं केलं. बत्ती लावली. ‘लागली का?’ ‘दोन्ही लागल्या बाबा.’ बत्ती बंद करून ब्रेक दाबला. ‘आता?’ ‘दोन्ही लागल्या. उजवी थोडी कमी आहे.’ मी म्हटलं, बल्ब जुना झाला असेल. नवा बल्ब आणला, लावला. फरक शून्य. गुरुवारी एका दुकानात गाडी नेली. त्यांनी ब्रेकच्या पायट्यावरचा स्विच बदलला. पैसे दिले, घरी आलो, संध्याकाळी भिंतीजवळ गाडी उभी करून पाहिलं तर तेच. शुक्रवारी दुसऱ्या जागी गेलो. त्यांनी सांगितलं, उजवा आख्खा लॅम्प बदलावा लागेल, तीन हजारांच्या घरात जाईल, मागवावा लागेल.

मी ‘मागवा’ म्हणणारच होतो. तिथे बाकावर एक वयस्कर गाडी-इलेक्ट्रिशियन चहा पीत बसले होते, आपल्या गावातले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पेला खाली न ठेवता एवढंच विचारलं, ‘बाबूजी, अर्थ देखा?’

नाही. अर्थ मी पाहिलाच नव्हता. दोन्ही दुकानांतही कोणी पाहिला नव्हता.

मंडळी, इथे थोडा वेळ आपण गाडी सोडून आपल्या गावाच्या कुंडी भंडाऱ्याकडे जाऊ. आपल्यापैकी प्रत्येकाने बाहेरगावचे पाहुणे तिथे नेले आहेत. इ.स. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही व्यवस्था उभी केली असं इतिहास सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारं पाणी भुयारातून उताराने शहराकडे आणलं. पंप नाही, मोटार नाही. भुयारावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरींसारख्या कुंड्या, शंभराहून अधिक.

आता समजा, शेवटच्या कुंडीत पाणी येईनासं झालं. अडथळा कुठे ते कसं शोधाल? एक माणूस म्हणेल, पहिल्या कुंडीपासून एकेक बघत जाऊ. शंभर वेळा वाकावं लागेल. दुसरा म्हणेल, मला वाटतं चाळीसाव्या कुंडीत माती पडली असेल, तिथे खणू. नाही निघाली, तर साठाव्या कुंडीत खणू. हा माझा बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार. तिसरा शहाणा माणूस मधल्या कुंडीत डोकावेल. तिथे पाणी वाहतं आहे? मग अडथळा पुढच्या अर्ध्या भागात. नाही वाहत? मग मागच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. असं केलं तर शंभर कुंड्यांतला अडथळा सात वेळा डोकावून सापडतो. घरी कागदावर करून बघा.

गाडीच्या बत्तीचं हेच. बॅटरीतून निघालेली वीज मोठ्या फ्यूजमधून, मग छोट्या फ्यूजमधून, स्विचमधून, पायाखालच्या जोडणीतून, गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या तारांतून, डिकीजवळच्या जोडणीतून, होल्डरमधून बल्बपर्यंत पोहोचते. या आठ-दहा कुंड्या आहेत. नवा भाग विकत घेण्याआधी मधल्या कुंडीत डोकवायचं. डोकवायला काय लागतं? पाच वॉटचा एक बल्ब, त्याला दोन तारा. याला टेस्ट लॅम्प म्हणतात, हा घरी बनतो. जमलं तर एक साधा मल्टिमीटर.

मग पाण्याचा माणूस असून मला हे सुचलं कसं नाही? तेच सांगायला आज उभा आहे. पाण्यामुळेच सुचलं नाही.

पाणी कुंडीतून घरी आलं, हंड्यात पडलं, काम झालं. त्याला सातपुड्यात परत जायचं नसतं. म्हणून आम्हा पाणीवाल्यांची नजर नेहमी एकाच दिशेने जाते. विजेचं तसं नाही. ती बॅटरीच्या एका टोकाने निघाली, की दुसऱ्या टोकाला परत आलीच पाहिजे. परतीची वाट बंद असेल, तर ती निघतच नाही, किंवा भलत्याच वाटेने परत येते. गाडीत या परतीसाठी प्रत्येक दिव्याला वेगळी लांब तार नसते. बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते, आणि प्रत्येक दिव्याजवळ एक छोटी तार, बहुधा काळी, पत्र्यावर स्क्रूने आवळलेली असते. तोच अर्थ. तो स्क्रू म्हणजे परतीच्या वाटेचा दरवाजा.

चाचांचं ऐकून मी त्यांच्याच बाकाशेजारी डिकी उघडली, आतलं आवरण काढलं. उजव्या लॅम्पमागे स्क्रू होता, त्याखाली तारेच्या टोकाचा लग होता. आणि लगाखाली काय होतं? रंग! वर्षभरापूर्वी मागचा पत्रा चेपला होता, म्हणून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. रंग मारणाऱ्याने ताज्या रंगावरच स्क्रू बसवला. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांमधून जेवढी जात होती, तेवढ्यावर वर्ष निघालं. श्रावणात ओल आली, आटे गंजले, दरवाजा बंद झाला. गंमत म्हणजे ते काम झालं तेव्हा मी स्वतः गाडीभोवती फिरून म्हटलं होतं, ‘रंग अगदी मिळून आलाय.’

पण मग ब्रेक दाबल्यावर दिवा विझतो कसा? या फळीकडे बघा. स्कूटरची बॅटरी, दोन मागचे दिवे, दोन पुढचे इंडिकेटर. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, पाच वॉटची रात्रभर जळणारी बत्ती आणि एकवीस वॉटची ब्रेकची. दोघींची परतीची वाट एकच. आता मी उजव्या बाजूचा अर्थ काढतो. बत्ती लावली. बघा, उजवी लागली! कारण वीज ब्रेकच्या तारेतून उलट शिरून डाव्या ब्रेकच्या तारेतून, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणातून, परत जाते आहे. बत्ती बंद, फक्त ब्रेक. उजवा मंद लागला, कारण आता ती इंडिकेटरच्या आणि बत्तीच्या वाटेने पळते आहे. दोन्ही एकदम लावले... विझला. (सभागृहात ‘अरे!’) दोन्ही तारांत बॅटरीकडून सारखाच दाब आला. दोन्ही बाजूंनी सारखी पातळी असली की पाणी जागचं हलत नाही, तसंच. उरलेली थोडी वीज इंडिकेटरमधून वाट काढते, म्हणून इंडिकेटर नुसता मिणमिणतो.

माझ्या मुलीने खोटं सांगितलं नव्हतं. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता. बत्ती वेगळी तपासली, ब्रेक वेगळा तपासला. रात्रीच्या रस्त्यावर मात्र दोन्ही एकदम लागतात. वस्तू जशी वापरतो तशीच तपासायची, हा पहिला धडा. आणि ‘उजवी थोडी कमी आहे’ असं ती म्हणाली होती, ते मी ऐकून सोडून दिलं. हा दुसरा.

मग मल्टिमीटर लावला. एक टोक लॅम्पच्या अर्थवर, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर, बत्ती आणि ब्रेक दोन्ही चालू. अर्थ चांगला असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं. एक-दोन दशांश व्होल्टच्या वर गेलं तर संशय घ्यावा. मला आठ व्होल्टच्या आसपास दिसले. बारापैकी आठ परतीच्या दारात अडकलेले! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, लग घासला, नवा स्क्रू आवळला, वरून ओल लागू नये म्हणून ग्रीस चोपडलं. आकडा शून्याजवळ आला. खर्च पंधरा रुपये, आणि चाचांना मावा जिलेबी.

आता काही उपयोगाच्या गोष्टी. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं, लक्षणावरून अर्धं काम होतं. दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर बिघाड दोन्हींच्या सामाईक वाटेवर असण्याचा संभव जास्त: फ्यूज, स्विच, रिले. एकच बाजू बंद असेल तर वाट जिथे फुटते त्याच्या पुढे: बल्ब, होल्डर, अर्थ. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टकटक करू लागला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. इंडिकेटरच्या तालावर मागची बत्ती लुकलुकत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डचा दिवा मिणमिणत असेल, तर सरळ अर्थचा स्क्रू शोधा.

दुसरं, मल्टिमीटर फसवतो. तारेची एकच बारीक शीर शाबूत असली, तरी दिवा बंद असताना तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. पाइप गाळाने भरलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दिसतो ना? नळ उघडा, मग खरं कळतं. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. टेस्ट लॅम्प इथे बरा, कारण तो स्वतः थोडी वीज ओढतो.

तिसरं, फ्यूज. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. रंग पाहून त्याच मापाचा लावा. दहाचा उडतो म्हणून वीसचा लावू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद तर कधीच नको. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कमकुवत दुवा आहे. तो जळला नाही तर आतली तार जळते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी तार पत्र्याला टेकली आहे. अशा वेळी एक युक्ती करा. त्या फ्यूजवरचे दिवे काढून ठेवा, फ्यूजच्या जागी तारांनी एकवीस वॉटचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. शॉर्ट असेल तोवर हा बल्ब पूर्ण उजळेल, आणि एक फ्यूजही वाया जाणार नाही. मग तारा एकेका जागी हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझेल, तिथे दोष.

चौथं, तारा कुठे तुटतात ते लक्षात ठेवा. मागचं दार जिथे उघडतं-मिटतं, तिथल्या रबरी नळीत त्या रोज वाकतात आणि आतल्या आत तुटतात. नंबर प्लेटचा दिवा गेला की आधी तिथे बघा. आणि दुसरी जागा म्हणजे उंदीर. आज बाप्पासमोर बोलतो आहे म्हणून जपून बोलतो. त्यांचं वाहन आपल्या वाहनाची वायर कुरतडतं. (हशा) पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मधून मधून बॉनेट उघडून पाहा.

पाचवं, पुढचे दिवे मंद वाटतात म्हणून लगेच जास्त वॉटचे बल्ब घालू नका. वाटेत व्होल्टेज दहा टक्के कमी झालं, तर प्रकाश दहा टक्के कमी होत नाही, जवळपास तीस टक्के कमी होतो. आधी जोडण्या आणि अर्थ साफ करून पाहा. मोठ्या बल्बने तीच कमकुवत तार आणखी तापते.

सहावं, आपली मर्यादा ओळखा. काम करताना बॅटरीचं ऋण टोक आधी काढा, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडणार नाही. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नका. नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची देखरेख असते, तिथे बल्ब काढून तार जोडण्याचे प्रयोग करू नका. पण एक सांगतो. संगणक आला तरी पुष्कळ गाड्यांत अर्थ अजून पत्र्यावरच आवळलेला असतो, आणि गंज मॉडेल बघत नाही.

आता शेवटचा मुद्दा. तो तुमच्याशी नाही, आपल्या सगळ्यांशी संबंधित आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं म्हटलं आहे. हा आकडा कोरडा वाटतो. ताशी साठ किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला साधारण सतरा मीटर येतो. म्हणजे १५५ मीटर म्हणजे नऊ सेकंद. त्या नऊ सेकंदांत ट्रकवाल्याने आपल्याला पाहायचं, गाडी की मोटारसायकल ते ओळखायचं, ठरवायचं आणि ओल्या रस्त्यावर थांबायचं. त्या रात्री माझ्या दिव्याने त्याला खोटं सांगितलं. माणूस चांगला होता आणि सावध होता, म्हणून मी इथे बोलतो आहे.

पुढचे दिवे बिघडले तर आपल्याला लगेच कळतं, कारण ते आपल्यासाठी असतात. मागचे दिवे आपल्याला दिसतच नाहीत. ते दुसऱ्यासाठी असतात, म्हणून ते महिनोन् महिने बंद राहतात. मी पण कधी गाडीच्या मागे जाऊन पाहत नव्हतो.

चार दिवसांनी अनंत चतुर्दशी. गावभरचे गणपती ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून राजघाटाकडे, तापीवर जातील. ट्रॉलीवर पुढून रोषणाई असते, झुंबरं असतात, जनरेटर असतो. मागे काय असतं? पुष्कळदा काहीच नसतं. विसर्जन करून रिकाम्या ट्रॉल्या रात्री दोन-तीन वाजता गावाबाहेरच्या रस्त्यांनी परततात. तेव्हा ती रोषणाई उतरवलेली असते आणि आत आपलीच दमलेली पोरं झोपलेली असतात. मागून येणाऱ्याला तिथे अंधार दिसतो.

ज्या ट्रॉल्यांना दिवे असतात, त्यांत पुष्कळदा परतीची वेगळी तारच नसते. वीज ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या लोखंडी खिळीतून परत जाते. खिळीला ग्रीस, माती, गंज. खड्ड्यात खिळ हलली की दिवे गेले, पुन्हा आले. याला उपाय अगदी साधा आहे. ट्रॉलीच्या दिव्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत एक वेगळी तार ओढायची, दोन्ही टोकं घासून आवळायची. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मागच्या फळीवर लाल परावर्तक पट्टी चिकटवायची, म्हणजे वीज गेली तरी मागच्याच्या दिव्यात ती चमकेल.

माझी विनंती अशी. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आपल्या गणपतीची ट्रॉली इथे अंगणात आणू. ज्यांना आपली गाडी दाखवायची आहे, त्यांनीही यावं. मी टेस्ट लॅम्प आणि पॉलिश पेपर घेऊन येतो, चाचांनाही बोलावलं आहे. तरुण मंडळींनी हात लावावा, ज्येष्ठांनी खुर्चीवर बसून ब्रेक दाबल्यावर काय दिसतं ते मोठ्याने सांगावं. आणि जे दिसतं ते सगळं सांगावं. ‘उजवी थोडी कमी आहे’ हेसुद्धा.

माझी आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. त्या रात्रीनंतर ती गाडीत बसण्याआधी एकदा गाडीच्या मागे जाते, मला ब्रेक दाबायला लावते, आणि ‘हं, लागले दोन्ही’ म्हटल्यावरच दार उघडते. सुरुवातीला मला त्याचा कंटाळा यायचा. आता ती नसली की मी मुलीला उभी करतो.

 प्रसाद तयार आहे असं मागून खुणावत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!

(स्मरणिकेसाठी मजकूर देताना एक भर. त्या रविवारी समाजाची ट्रॉली अंगणात आली. तिच्या मागच्या दोन्ही दिव्यांत बल्ब शाबूत होते आणि फ्यूजही ठीक होता. परतीची तार मात्र नव्हती. ती त्याच सकाळी ओढली. विसर्जनाहून ट्रॉली परतली तेव्हा तिचे दोन्ही दिवे लागलेले होते, हे मी स्वतः मागे गाडी चालवत पाहिलं. या वर्षीही विसर्जनाआधीच्या रविवारी सकाळी नऊला अंगणात भेटू. टेस्ट लॅम्प मी आणतो.)